आत्या, फॉर्म भरच!

हा भाग ऐकायला जमला नसेल, तर हा घ्या त्याचा लेखी अवतार.

माझी आत्या दौंड तालुक्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तिला मी फुलब्राइटच्या शिक्षक कार्यक्रमाची लिंक पाठवली. तिचा लगेच फोन आला, "अरे, तिकडच्या चकाचक शाळा बघून मी इथं काय करू?"

प्रश्न रास्त आहे. आधी कार्यक्रम काय ते सांगतो. वेगवेगळ्या देशांतल्या माध्यमिक शिक्षकांना साधारण ६ आठवडे अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात नेतात. तिथं त्यांचे वर्ग होतात. शिवाय जवळच्या शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसायचं, तास बघायचे आणि तिथल्या शिक्षकाबरोबर शिकवायचंही. खर्च कार्यक्रमाचा. थोडक्यात, सहल नाही.

आता महर्षी कर्वे. त्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका आली होती. पहिल्यांदा ती बाजूलाच पडली. पण १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुन्हा काढली आणि १९१६ मध्ये आपलं महिला विद्यापीठ सुरू झालं. गंमत बघा, ते जपानचं विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी! १९२९ मध्ये, सत्तरीत, ते परदेशी निघाले. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षकांची परिषद, डेन्मार्कमध्ये नव्या शिक्षणाची परिषद, मग अमेरिका, जपान, आणि १९३० मध्ये परत. पुस्तिका लागू पडली, कारण विधवांना, मुलींना शिकवायचं कसं हा प्रश्न ते हिंगण्यात आधीपासूनच सोडवत होते.

म्हणून मी आत्याला उलटं विचारलं, "तुझा प्रश्न काय?"

ती थांबलीच नाही. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ऊसतोड कामगारांची पोरं येतात. आठवी-नववीतली. आधीच्या शाळेत काय झालं, कुठला धडा राहिला, कुणालाच माहीत नसतं. जरा रुळली की पट्टा पडतो आणि पोरं गावी जातात. गेल्या वर्षी एक हुशार मुलगी अशीच गेली. पुढं कुठं नाव घातलं की नाही, आत्याला आजही ठाऊक नाही.

आणि इथं माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. अमेरिकेतही पिकामागं राज्याराज्यांतून फिरणारी शेतमजूर कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांसाठी १९६६ पासून सरकारचा वेगळा कार्यक्रम आहे. मूल शाळा बदलतं तेव्हा त्याचे विषय, गुण अशा नोंदी नव्या शाळेला दुसऱ्या राज्यातूनही ऑनलाइन दिसतात. आपल्याकडं साखरशाळा झाल्या, शिक्षण हमी कार्ड आलं, म्हणजे विचार आपणही केलाय. पण नोंद समोर आल्यावर शिक्षिका पहिल्या आठवड्यात नेमकं काय करते? ते वेबसाइटवर नसतं. त्यासाठी वर्गातच बसावं लागतं.

(सगळ्यांना विमानाचं तिकीट मिळणार नाही, मान्य. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी झेडपीच्या वर्गातूनच व्हिडिओ कॉलवर परदेशी वर्ग जोडले. तोही रस्ता आहे.)

काल रात्री आत्याचा मेसेज आला. अर्ज उघडलाय, निबंधाशी अडलीये. 'कोयत्यावरची पोरं' इंग्रजीत कसं लिहू, विचारत होती. मी म्हटलं, 'कोयता' तसाच ठेव आणि खाली दोन ओळींत समजावून सांग.