घाटावरचे पाणी आणि मुंबईची गिरणी

पावसाळ्यात कर्जतहून लोणावळ्याला गाडी चढू लागली की कड्यांवर पांढरे धबधबे दिसतात. पाहून मन हरखते. पण पाऊस सरला की ते आटतात. चार महिने पाणी, आठ महिने कोरडा कातळ. गिरणी तर बारा महिने चालायची!

पूर्वी परळ-लालबागच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची आणि वाफेने यंत्र फिरवायचे. कोळसा दुरून यायचा, महाग पडायचा. शिवाय धूर किती! जमशेटजी टाटांच्या मनात आले, घाटावर एवढा पाऊस पडतो, त्याच्यावर वीज का करू नये? ते १९०४ साली वारले. काम मुलांनी पुरे केले.

लोणावळ्याजवळ धरणे बांधून पावसाचे पाणी साठवले. हे पाणी मूळचे पूर्वेकडे जाणारे. इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला. ते अडवून पश्चिमेला, घाटाखाली खोपोलीकडे वळवले. उतार पाचशे मीटरांहून जास्त. एवढ्या उंचीवरून मोकळे सोडले तर पाणी वाऱ्याने फुटून तुषार होते, जोर वाया जातो. म्हणून ते लोखंडी नळांत कोंडून खाली आणले. रबरी नळीचे तोंड अंगठ्याने दाबा, धार कशी लांब उडते! तसेच इथे. नळाचे तोंड बारीक केलेले असते. चाकाला वाट्या बसवलेल्या असतात. त्यांवर धार आदळते, चाक गरगर फिरते आणि त्याला जोडलेले यंत्र वीज तयार करते. पाणी काही संपत नाही, बरं का. ते पुढे पाताळगंगेला मिळते.

१९१५ साली ही वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

मग विजेची मागणी वाढली. मुळशीला मुळा नदीवर धरण ठरले. त्यात मावळातली भाताची खाचरे, घरे, देवळे बुडणार होती. शेतकरी म्हणाले, जमीन देणार नाही. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. याच लढ्यात लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. बापट तुरुंगात गेले, बायाबापड्यांनी हाल सोसले, तरी धरण झालेच. १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करू लागले. गिरणगावाच्या विजेसाठी कोणाची शेते बुडाली, हे शाळेतल्या मुलांना सांगायला हवे होते, असे मला वाटते.

१९८२ च्या मोठ्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. खोपोली आणि भिऱ्याची चाके मात्र अजून फिरतात.