पंचवीस सेंटचं तिकीट अर्थात हिप-हॉपची जन्मकथा

गेल्या सेमिस्टरला मेसच्या मावशींच्या मुलाची कॉलेजची फी थकली होती. डबा घेऊन रूम-रूम फिरण्यापेक्षा गच्चीवर रॅपची संध्याकाळ ठेवू, पन्नास रुपये तिकीट लावू, अशी टूम आमच्या विंगने काढली. परवानगी मागायला गेलो, तर रेक्टर सर म्हणाले, "रॅप म्हणजे ती शिवीगाळीची गाणी ना? चांगल्या कामाला असलं संगीत कशाला? भावगीतं ठेवा की!"

सरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण गंमत अशी की, हे संगीत जन्माला आलं तेच मुळी शाळेच्या खर्चासाठी!

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागाची त्या काळी पार रया गेली होती. वस्त्यांच्या मधून हमरस्ता काढलेला, कारखाने बंद, घरांना आगी लागत होत्या. तिथल्या सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल ही मुलगी राहायची. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे हवेत, आणि पैसे नाहीत. तिने इमारतीचा हॉल भाड्याने घेतला, हाताने आमंत्रणं लिहिली आणि तिकीट लावलं : मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तारीख होती ११ ऑगस्ट १९७३. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. हे कुटुंब मूळचं जमैकाचं. रस्त्यावर भलेमोठे स्पीकर लावून नाचायची तिथली पद्धत त्याने लहानपणी पाहिली होती.

हर्कच्या एक गोष्ट लक्षात आली. गाण्यात मध्येच गायक थांबतो आणि नुसता तालाचा तुकडा वाजतो, तेव्हा पब्लिक सगळ्यात जास्त नाचतं. हा तुकडा म्हणजे 'ब्रेक'. तो चार-सहा सेकंदांत संपतो. मग हर्कने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. झाला की नाही लूप! या तालावर नाचणारे ते 'ब्रेक'डान्सर, आणि माइकवर यमकं जुळवून बोलणारे पुढे रॅपर झाले.

आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खास : याच ब्रॉन्क्समध्ये व्होकेशनल शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या ग्रँडमास्टर फ्लॅशने असा स्विच बसवला की पुढची रेकॉर्ड आधी हेडफोनवर ऐकता यायची. ब्रेक नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून रेकॉर्डवर तो खूण करून ठेवायचा. त्यामुळे ताल न चुकता जोडता येऊ लागला. हे आपलं प्रॅक्टिकलच की!

मग नाव खराब का झालं? १९८० च्या दशकात पोलीस, टोळ्या, बंदुका हे विषय गाण्यात आले, कारण ते गल्लीत होते. १९८९ मध्ये एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या पोलिसांवरच्या गाण्याबद्दल एफबीआयकडून रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र गेलं. त्याने गाणं आणखीच गाजलं. खप दिसल्यावर काही जणांनी नुसतीच शिवी विकली, बायकांबद्दल वाट्टेल ते लिहिलं. ते मान्य करायलाच हवं.

पण त्याच वर्षी दुसरंही घडलं. केआरएस-वन या रॅपरचा साथीदार स्कॉट ला रॉक १९८७ मध्ये गोळीबारात मारला गेला होता. केआरएस-वनने इतर रॅपरना जमवून हिंसेविरुद्ध 'सेल्फ डिस्ट्रक्शन' हे गाणं काढलं, आणि त्याचं उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिलं. म्हणजे बदनाम झालेल्यांनीच आपल्या घराची साफसफाई काढली.

मदतीसाठी संगीत म्हटलं की १ ऑगस्ट १९७१ ची 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' आठवते. पंडित रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका दिवसात दोन कार्यक्रम झाले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. पण अल्बम आणि चित्रपटाचे बरेच पैसे अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकून पडले. कारण काय? करमाफीचे कागद आधी केलेच नव्हते! हेतू सोन्यासारखा, पण कागद कच्चा.

हे सगळं सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन अटी घातल्या : साडेनऊला स्पीकर बंद, आणि पै-पैचा हिशोब दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर. शिव्या नाहीत, ही तिसरी अट आम्हीच घातली. कार्यक्रम झाला, फी भरली गेली, हिशोब बोर्डावर लागला.

यंदा पुन्हा ठेवायचा विचार आहे. तर मंडळी, सबमिशनमधून सवड काढून चार ओळी मराठीत बांधून आणा. विषय तुमचा, ताल आम्ही देतो. आणि हो, तिकीट मात्र सगळ्यांना, गाणाऱ्यांनासुद्धा!