वापरलेला ड्रोन घेताना

बिदर जिल्ह्यातील हुलसूर, बसवकल्याण व भालकी हा परिसर तूर, सोयाबीन, ज्वारी आणि ऊस पिकविणारा आहे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या या भागात आता लग्नसमारंभात, जत्रेत आणि क्वचित शेताच्या बांधावरही ड्रोन दिसू लागला आहे. २०२० साली सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेखाली गावठाणांची मोजणी ड्रोनद्वारे होऊ लागली. तिच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही राज्ये होती. तेव्हापासून या यंत्राची ओळख खेड्यापाड्यांतील लोकांनाही झाली आहे.

आपणही असे यंत्र घ्यावे, त्यावर छायाचित्रणाचा छोटासा व्यवसाय उभा करावा, असे अनेक तरुणांना वाटते. नवे यंत्र परवडत नाही, म्हणून हैदराबाद, सोलापूर, पुणे अशा शहरांतून वापरलेला ड्रोन आणण्याकडे त्यांचा कल असतो. यात गुंतणारा पैसा पुष्कळदा घरच्या माणसांनी एका हंगामात मागे टाकलेला असतो. तो वाया जाऊ नये, या हेतूने काही आवश्यक माहिती येथे दिली आहे.

जुनी यंत्रे बाजारात का येतात?

आपल्याकडे छायाचित्रणासाठी वापरले जाणारे बरेचसे ड्रोन परदेशी बनावटीचे आहेत. केंद्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीस, संशोधन, संरक्षण व सुरक्षा ही कारणे वगळता, मनाई केली. सुट्या भागांची आयात मात्र खुली ठेवण्यात आली. त्यामुळे पूर्वी रीतसर आलेली यंत्रे हातोहात फिरत राहिली. चोरट्या मार्गाने आलेला मालही त्यांत मिसळला जाण्याचा संभव असतो. यास्तव मूळ खरेदीची पावती पाहणे हे पहिले काम होय. पावतीवरील यंत्राचा अनुक्रमांक व प्रत्यक्ष यंत्रावरील अनुक्रमांक एकच आहे, याची खात्री करून घ्यावी.

वजनावर नियम अवलंबून

२५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झालेले ड्रोन नियम संपूर्ण देशास लागू आहेत. राज्याची सीमा ओलांडल्याने त्यांत फरक पडत नाही. या नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंत वजनाचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो' आणि २ ते २५ किलोंचा 'स्मॉल' वर्गात मोडतो. नॅनो ड्रोन चालविण्यास चालक प्रमाणपत्राची आवश्यकता नाही. मायक्रो ड्रोन हौसेखातर चालविल्यास प्रमाणपत्र लागत नाही. परंतु त्यावर पैसे मिळवावयाचे असल्यास ते आवश्यक ठरते. हे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत शिक्षण घेऊन मिळते. त्यासाठी वय किमान १८ वर्षे व शिक्षण दहावी उत्तीर्ण असावे लागते. नॅनो वगळता इतर ड्रोनना त्रयस्थ पक्षाच्या नुकसानभरपाईचा विमाही लागतो.

या वर्गवारीचा खरेदीशी निकटचा संबंध आहे. उदाहरणार्थ, २०१७ साली निघालेला 'स्पार्क' हा ड्रोन ३०० ग्रॅमचा, तर २०१९ सालचा 'मॅव्हिक मिनी' २४९ ग्रॅमचा आहे. हातात घेतल्यास फरक जाणवणार नाही. परंतु लग्नाचे चित्रण पैसे घेऊन करावयाचे झाल्यास पहिल्यासाठी प्रमाणपत्र लागेल, दुसऱ्यासाठी लागणार नाही. नवशिक्याने म्हणूनच शक्यतो २५० ग्रॅमच्या आतील यंत्रापासून आरंभ करावा. एवढे हलके यंत्र वाऱ्यात भरकटते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मालकीचे हस्तांतरण

मोटारसायकल विकत घेताना नोंदणी पुस्तक आपल्या नावावर करून घेतात, तसेच येथेही आहे. नोंदणी झालेल्या ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. विक्री झाल्यावर विकणारा व घेणारा या दोघांचा तपशील 'डी-३' नमुन्यात भरून तो क्रमांक नव्या मालकाच्या नावे करावा लागतो. हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संगणकीय प्रणालीवर होते. 'आधी पैसे द्या, नोंदणी मागाहून होईल' अशा आश्वासनावर विसंबून राहू नये. नियमभंगाबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो यंत्राच्या किमतीहूनही अधिक असू शकेल.

यंत्र पूर्वमालकाच्या मोबाईल खात्याशी जोडलेले असल्यास ती जोडणी त्याच्याकडून समक्ष तोडून घ्यावी. तसेच त्या यंत्राचे अ‍ॅप आपल्या मोबाईलवर चालते किंवा नाही हेही तेथेच पाहावे. जुन्या यंत्रांची अ‍ॅप नव्या मोबाईलवर चालतातच असे नाही.

बॅटरी हाच खरा जीव

वापरलेल्या ड्रोनचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे त्याची बॅटरी. लिथियम पॉलिमर जातीची ही बॅटरी न वापरताही काळानुसार झिजते. पूर्ण भरून उष्ण जागी ठेवल्यास ती लवकर निकामी होते. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो, आणि 'मॅव्हिक मिनी'सारख्या यंत्राची कार्यमर्यादाही ४० अंशच आहे. त्यामुळे वैशाखातील दुपारी ड्रोन उडविणे टाळावे.

बॅटरी सपाट पृष्ठभागावर ठेवून पाहावी. ती फुगलेली आढळल्यास तो सौदा बॅटरीविना समजून किंमत ठरवावी. फुगलेली बॅटरी वापरू नये, टोचू नये व कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच ठेवू नये. ती पेट घेऊ शकते. त्या विशिष्ट यंत्राची नवी बॅटरी आज मिळते काय, आणि केवढ्यास, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. बॅटरी मिळत नसेल तर यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

प्रत्यक्ष चाचणी

केवळ चित्रफीत पाहून पैसे पाठवू नयेत. शक्य तर जाणकारास सोबत न्यावे व मोकळ्या जागी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. पात्यांच्या कडा व बाहूंचे सांधे पाहावेत. तडा किंवा डिंकाने चिकटविल्याची खूण ही पडझडीची साक्ष होय.

२. यंत्र बंद असताना प्रत्येक मोटर बोटाने फिरवावी. चारही मोटरी सारख्याच सहजतेने फिरल्या पाहिजेत. खरखर जाणवल्यास आत माती गेली असावी.

३. पुरेशा उपग्रहांचा संकेत मिळाल्यावर यंत्र दोन पुरुष उंचीवर नेऊन पाच मिनिटे स्थिर ठेवावे. वारा नसताना ते सरकू लागल्यास दोष समजावा.

४. काही अंतरावर नेऊन 'परत फिरणे' ही सोय तपासावी. यंत्र उडाल्या जागेच्या जवळपास उतरले पाहिजे.

५. भरलेली बॅटरी किती मिनिटे पुरते ते घड्याळ लावून पाहावे. कंपनीने सांगितलेली ३० मिनिटे ही वारा नसतानाची असतात. वीस-बावीस मिनिटे मिळाल्यास समाधान मानावे. निम्म्याहून कमी मिळाल्यास बॅटरी संपत आली आहे.

६. चित्रण करून ते मोठ्या पडद्यावर पाहावे. चित्र थरथरत असल्यास कॅमेरा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडलेली असते.

फवारणीचा जुना ड्रोन

छायाचित्रणाच्या ड्रोनने पिकावर फवारणी होत नाही. फवारणीसाठीचा दहा लिटर टाकीचा ड्रोन सामान्यतः 'स्मॉल' वर्गात येतो व तो चालविण्यास प्रमाणपत्र लागते. औषधांमुळे त्याचे पंप, नळ्या व तोट्या लवकर झिजतात. नवशिक्या शेतकऱ्याने असा जुना ड्रोन घेण्यापेक्षा अवजारे भाड्याने देणारे केंद्र किंवा प्रशिक्षित बचत गट यांच्याकडून फवारणी करून घेणे अधिक किफायतशीर ठरते.

शाळांसाठी

विज्ञानशिक्षकांना विद्यार्थ्यांसमोर प्रयोग करावयाचे असतील, तर २०१८ साली आलेला 'टेलो' हा सुमारे ८० ग्रॅमचा लहान ड्रोन पुरेसा आहे. तो बंद सभागृहात उडविता येतो आणि त्यावर संगणकाच्या आज्ञावलीचे धडेही देता येतात. मोठ्या यंत्रावर शाळेचा निधी खर्च करण्याचे कारण नाही.

कोठे उडवावा?

प्रमाणपत्र लागत नाही, याचा अर्थ कोठेही उडविण्याची मुभा मिळते असा नाही. हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा व लाल असे भाग पाडलेले असून त्यांचा नकाशा २४ सप्टेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. हिरव्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर, उंचीपर्यंत परवानगीविना उडविता येते. बिदर येथे हवाई दलाचा तळ आहे, ही गोष्ट जिल्ह्यातील प्रत्येक ड्रोनधारकाने लक्षात ठेवावी आणि उड्डाणापूर्वी नकाशा पाहावा. जत्रा, मिरवणूक किंवा मान्यवरांच्या दौऱ्याच्या वेळी पोलीस अधीक्षक वा वरिष्ठ दर्जाचा अधिकारी एखादे क्षेत्र ९६ तासांपर्यंत निषिद्ध ठरवू शकतो. अशा दिवशी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी केल्यास अडचण येत नाही.

सारांश

हाती असलेली सर्व रक्कम यंत्रावर घालू नये. निदान चौथा हिस्सा बॅटरी, पाती व दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. पावती, नोंदणीचे हस्तांतरण, चांगली बॅटरी आणि समक्ष चाचणी या चार गोष्टी पटल्या, तर जुना ड्रोनही नवशिक्यास दोन-तीन वर्षे उत्तम साथ देऊ शकतो. यांपैकी एकही गोष्ट कमी पडत असेल, तर दुसरे यंत्र पाहावे. बाजारात यंत्रे पुष्कळ येतात. घामाचा पैसा मात्र पुन्हा जमविण्यास वेळ लागतो.