हमालाची ज्येष्ठता कुणी मोजायची?

कुर्डुवाडी वाढली ती रेल्वेमुळे. मुंबई-सोलापूर मार्गावरचं हे स्टेशन पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखलं जाई. 1897 मध्ये इथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि पुढे ती एकीकडे पंढरपूरमार्गे मिरजेला, दुसरीकडे लातूरला पोचली. रुंद रुळावरचा डबा अरुंद रुळावर चालत नाही. त्यामुळे आतल्या भागातून आलेला माल छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात भरायचा आणि मोठ्यातला छोट्यात, हे काम जंक्शनच्या कपाळी लिहिलेलंच होतं. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सगळी लाइन ब्रॉडगेज झाली. प्रवाशांची सोय झाली, पण दोन रुळांमधली ही उचलठेव कायमची संपली. हमालीचं काम असं कधी एका धोरणाने, कधी एका यंत्राने नाहीसं होत असतं. अशा वेळी उरलेल्या कामावर आधी हक्क कुणाचा? वीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेल्याचा, की परवा टोळीत आलेल्या तरण्याताठ्या गड्याचा? कारखान्यापुरतं या प्रश्नाचं उत्तर कायद्याने केव्हाच दिलेलं आहे. मालधक्का, बाजार आवार आणि गोदाम इथल्या माणसांना मात्र अजून अर्धंच उत्तर मिळालं आहे.

ते अर्धं का, हे कळायला टोळीचं काम जवळून पाहावं लागतं. मालधक्क्यावर खताची किंवा सिमेंटची रेक लागली की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या तासांत डबे रिकामे झाले नाहीत तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, बसतं, म्हणून माल सोडवून पुढे पाठवणाऱ्या हुंडेकऱ्याला घाई असते. बेचाळीस डब्यांची रेक, डब्यात साठ टन माल आणि पोतं पन्नास किलोचं असा हिशेब धरला, तर पन्नास हजारांवर पोती हातांनी उतरवून ट्रकमध्ये किंवा गोदामात थप्पी लावायची असतात. मजुरी नगावर किंवा टनावर ठरते. टोळीची कमाई एकत्र होते आणि हजर असलेल्या सगळ्यांत सारखी वाटली जाते. ज्याचा खाडा, त्याचा वाटा नाही. वरकरणी ही व्यवस्था अतिशय न्यायाची आहे, कारण पंचविशीतला गडी आणि पंचावन्नचा गडी यांच्या पदरात सारखेच पैसे पडतात. पण दोघांनी पोतीही सारखीच उचलायची असतात. कचेरीत माणूस जुना झाला की त्याचं काम हलकं होतं. टोळीत वर्षं वाढतात, वजन तेवढंच राहतं, आणि ते पेलेनासं झालं की बाकीचे कुरकुरायला लागतात. मग कुणाला पोत्यांना टाके घालायला बसवायचं, कुणाला मोजणीला उभं करायचं आणि कुणाला ‘आता घरी बस’ म्हणायचं, हे बहुतेक वेळा मुकादमाच्या मर्जीवर चालतं.

ही मर्जी काय करू शकते हे महाराष्ट्राने मुंबईच्या गिरण्यांत पुरेपूर पाहिलं आहे. बदली कामगाराला आज काम द्यायचं की नाही हे भरती करणारा जॉबर ठरवी आणि त्यासाठी दस्तुरी घेई. कामगारांविषयीच्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात या लाचखोरीवर स्पष्ट बोट ठेवलं. गोदी कामगारांसाठी 1948 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि रोजच्या भरतीची जागा नोंदणी, राखीव कामगारांची फळी आणि पाळीने कामवाटप यांनी घेतली. त्याच धर्तीवर, अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यानंतर, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1969 मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत बाजार समित्यांची आवारं आहेत; तसंच रेल्वेने स्वतः न नेमलेल्या माणसांकडून यार्डात आणि मालधक्क्यावर होणारी भरणी-उतराईही आहे. म्हणजे कुर्डुवाडीसारख्या जंक्शनचा हमाल या कायद्याच्या कक्षेत थेट येतो. मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचं मंडळ. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार भागवायचा, अशी ही रचना. रोज शंभर दारांत काम करणाऱ्या माणसाला तिने एक कायमचं दार दिलं, आणि देशात तिचं नाव झालं ते उगाच नाही.

कारखान्यातल्या ज्येष्ठतेचा नियम या माणसाला लागू का पडत नाही, तेही या शंभर दारांमुळेच कळतं. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली आलेलं कलम 25 जी सांगत असे की, कामगार कमी करायचे तर त्या प्रवर्गात शेवटी आलेला साधारणपणे आधी जाईल. ज्येष्ठता यादी किमान सात दिवस आधी फलकावर लावावी, असं त्याखालचे नियम सांगत. हे तत्त्व 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं, की मालक एक आहे आणि वर्षं त्याच्याकडे मोजायची आहेत. हमालाचा मालक सकाळी खताचा व्यापारी असतो, दुपारी तुरीचा अडत्या आणि संध्याकाळी ट्रान्सपोर्टवाला. यांपैकी कुणाकडेही त्याची वीस वर्षं जमा होत नाहीत. ती जमा होऊ शकतात फक्त मंडळाकडे. शेवटी ग्रॅच्युइटी देताना मंडळ ती मोजतंही. मग काम करतानाच्या वर्षांत, म्हणजे ज्येष्ठतेची खरी गरज असते तेव्हा, ती का मोजली जाऊ नयेत?

त्यासाठी दोन प्रश्न आधी वेगळे करावे लागतात. आजची रेक कुणी उतरवायची, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर पाळी हेच असलं पाहिजे. रोजचं कामही ज्येष्ठतेने वाटलं तर जुन्यांच्या चुली पेटतील आणि नवे उपाशी राहतील. दुसरा प्रश्न आयुष्याचा आहे. राखीव फळीतून कायम टोळीत कुणी जायचं, हलकं काम आधी कुणाला, मुकादमाची जागा रिकामी झाली तर कुणाला आणि काम आटलं तर आधी कुणी थांबायचं? इथे ज्येष्ठता हवी. हे दोन्ही एकत्र नांदू शकतं, याचा दाखला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथल्या गोदी कामगारांनी 1934 च्या संपातून भरतीचं केंद्र मालकांच्या हातून काढून संयुक्त नियंत्रणाखाली आणलं. ज्याचे कामाचे तास सगळ्यांत कमी भरले आहेत त्याला आधी पाठवायचं, हा रोजचा नियम तिथे रुजला. नोंदणीच्या पायऱ्या मात्र ज्येष्ठतेवर चढायच्या. पुढे यंत्रं आली तेव्हा 1960 च्या कराराने ती स्वीकारली आणि बदल्यात नोंदणीकृत कामगारांच्या कमाईची आणि लवकर निवृत्तीची हमी मिळवली. नोंद पक्की होती म्हणूनच हमी कुणाला द्यायची हे ठरवता आलं.

आपल्याकडे ज्येष्ठता म्हटलं की जास्त पैसे, असा समज आहे. टोळीत तसं करायची गरज नाही आणि तसं करूही नये, कारण समान वाटा हीच टोळीची ताकद आहे. हमालाच्या बाबतीत ज्येष्ठतेचं फळ वजनात मिळालं पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलो आहे. शंभर किलोच्या पोत्याच्या जागी पन्नास किलोचं पोतं येणं हा म्हणूनच मोठा विजय होता. पण दिवसाकाठी शेकडो वेळा उचललेलं पन्नास किलोही गुडघ्यांना आणि मणक्यांना सगळ्या वयांत सारखंच वाटत नाही. वय त्याचा हिशेब करतं. अमुक वर्षं भरलेल्याला टाके, मोजणी, बारदान झाडणं, थप्पीवर देखरेख या कामांवर पहिला हक्क आणि वाटा पूर्वीइतकाच, असा नियम झाला तर टोळीला त्याची झळ थोडी बसेल. पण ती प्रत्येकाने आळीपाळीने सोसायची झळ आहे, कारण आजचा तरुण उद्या त्याच जागेवर येणार आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो, तो गुणवत्तेचा. जुना म्हणजे चांगला असं थोडंच आहे? नाहीच. म्हणून तर मुंबईच्या गोदी कामगारांच्या योजनेत बढतीसाठी ज्येष्ठतेबरोबर त्या कामाची पात्रता आणि आधीच्या सेवेची नोंदही पाहिली जाई. ज्येष्ठता एकटी नको, पण तिला वगळून उरलेली ‘गुणवत्ता’ ठरवणार कोण? पुन्हा मुकादमच. याच आक्षेपाचा दुसरा चेहरा असा, की संघटित हमाल हक्कांच्या आड गैरफायदा घेतात. त्याला भारतीय अन्न महामंडळाचं उदाहरण दिलं जातं, आणि ते खोटं नाही. शांता कुमार समितीच्या 2015 च्या अहवालानुसार, ऑगस्ट 2014 मध्ये महामंडळाच्या तीनशेहून अधिक हमालांना महिन्याला चार लाखांहून जास्त रक्कम मिळाली होती. पण ही किमया ज्येष्ठतेची नव्हती. ठरावीक नगांवरच्या कामाला चढत जाणारा प्रोत्साहन भत्ता, आणि एकाच्या नावावर दुसऱ्यानेच काम करणं, यांतून ते आकडे फुगले. तो रोग नोंद ढिली असल्याचा आहे, आणि त्यावर औषध नोंद घट्ट करणं हेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्येष्ठता जिथे मुरते तिथे दार बंद होतं. टोळीतली जागा मुलाला, पुतण्याला, भाच्याला मिळते, आणि बाहेरचा गडी बाहेरच राहतो. यात तथ्य आहे. मात्र जागा घराण्यात फिरते तेव्हा ज्येष्ठतेचा नियम मोडलेलाच असतो. ज्येष्ठता माणसाने स्वतः कमावलेली असते. ती नोंदणीच्या दिवशी सुरू होते आणि त्याच्याबरोबरच संपते; तिचा सातबारा निघत नाही. बापाची तीस वर्षं मुलाच्या खात्यावर चढवायची नाहीत, हे स्पष्ट लिहिलं, रिकाम्या जागा राखीव फळीतून क्रमानेच भरल्या, तर बाहेरच्याला आज नसलेली वाट तरी दिसेल.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा, आणि त्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. माथाडीच्या नावाखाली गोदामाच्या फाटकावर टोळकी उभी राहतात, न केलेल्या कामाची वाराई, म्हणजे हमालीचे पैसे, मागतात, आपलीच माणसं लावा म्हणून दमदाटी करतात, ही तक्रार राज्यभर आहे. 2023 मध्ये कायद्यात बदल सुचवणारं विधेयक विधिमंडळात आलं, तेव्हा त्याच्या समर्थनाचं मोठं कारण हेच होतं. व्याख्या आकसली तर खरे हमालही बाहेर फेकले जातील, अशी भीती व्यक्त करत माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंचं बोलणं एकाच ठिकाणी येऊन ठेपतं: खरा हमाल कोण, हे झटकन दाखवणारा कागद कुणाच्याच हाताशी नसतो. नोंदणीची तारीख, टोळी क्रमांक आणि गेल्या वर्षी भरलेल्या दिवसांची जाहीर यादी असेल, तर फाटकावरच्या दादाला त्या यादीत आपलं नाव दाखवावं लागेल. उद्या धक्क्यावर कन्व्हेयर किंवा फोर्कलिफ्ट आली तरी, यंत्र चालवायचं शिक्षण आधी कुणाला द्यायचं आणि कुणाला सन्मानाने लवकर मोकळं करायचं, याची सुरुवातही त्याच यादीपासून होईल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. सोलापुरात माथाडी मंडळ आहे, कुर्डुवाडीला बाजार समिती आहे, नोंदवह्या आहेत, टोळ्यांचे हिशेब आहेत. मंडळाने दरवर्षी टोळीवार ज्येष्ठता यादी काढावी, मालधक्क्यावर आणि बाजार आवारात ती लावावी, महिनाभर हरकती घ्याव्यात आणि मग ती पक्की करावी. हलक्या कामांची यादी टोळ्यांना बसवून ठरवावी, पाळीचा रोजचा क्रम शेजारीच लिहावा. खर्च म्हणाल तर कागदाचा आणि एका कारकुनाच्या काही दिवसांच्या कामाचा. हुंडेकऱ्याला त्यातून ठाऊक असलेली टोळी मिळते, व्यापाऱ्याला खंडणीखोराला परत पाठवायचा आधार मिळतो, नव्या गड्याला आपला नंबर कितवा ते कळतं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या हमालाला हलकं काम मागताना कुणाच्या पाया पडावं लागत नाही. तोटा होतो तो फक्त मर्जी विकणाऱ्याचा. म्हणून या यादीची मागणी एकट्या हमालांनी करून भागणार नाही. व्यापारी आणि हुंडेकरी यांनीही मंडळाकडे तिच्यासाठी आग्रह धरायला हवा.