ऋतू पालटताना नाम आणि नेम : काही गैरसमज

सप्टेंबर सरत आला की सातारा-सांगलीकडे एकाच आठवड्यात तीन ऋतू भेटतात. महाबळेश्वरचा पाऊस ओसरायला लागलेला असतो, माण-खटाव परतीच्या पावसाकडे डोळे लावून बसतं आणि तासगावच्या द्राक्षबागांत फळछाटणीची लगबग सुरू होते. माणला हवा असलेला तोच पाऊस छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर पडला तर दावण्या हा रोग येतो. आभाळ भरून आलं की बागायतदाराची झोप उडते. अशा दिवसांत ‘मन थाऱ्यावर नाही’ म्हणणाऱ्याला मोबाइलवर लगेच सल्ला मिळतो, अमका मंत्र इतक्या वेळा म्हणा. नामस्मरण ही या भागाची जुनी ताकद आहे. म्हणूनच त्याला चिकटलेल्या चुकीच्या समजुती दूर करायला हव्यात.

गैरसमज : दीक्षा आणि सोवळं नसेल तर मंत्र लागू पडत नाही.

काही मंत्रांना परंपरेनं दीक्षा लागते, हे खरं. पण सातारा जिल्ह्यानं महाराष्ट्राला दिलं ते सगळ्यांना खुलं असलेलं नाम. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ही तेरा अक्षरं समर्थ संप्रदायात आधीपासून होती. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) ती शेतकऱ्यापासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या तोंडी रुळवली. चालता-बोलता, हातातलं काम न सोडता नाम घ्या, हीच त्यांची शिकवण. नाम निवृत्तांसाठी, रिकाम्या वेळेसाठी असतं, ही समजूतही त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही. ते स्वतः प्रपंचात राहिले आणि १८७६-७७च्या दुष्काळात त्यांनी लोकांना शेतात कामाला लावून जेवू घातलं.

गैरसमज : चातुर्मास म्हणजे चार महिने कांदा-लसूण आणि वांगी सोडणं.

सोडण्याचे नियम आहेतच, पण चातुर्मासाचं मूळ पावसात फिरस्ती थांबवून एका जागी राहण्यात आहे. जैन मुनी आजही सांगली जिल्ह्यातल्या गावांत असाच चातुर्मास करतात, आणि नृसिंहसरस्वतींनी एक चातुर्मास कृष्णाकाठी औदुंबरला केला असं परंपरा सांगते. ही ती जागा, जिथं नदी चढली की पाणी देवळात शिरतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. बाहेरचं काहीच हातात नसताना रोजची एक गोष्ट ठरल्या वेळी करणं किती मोलाचं असतं, हे इथल्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही.

आयुर्वेदातला ऋतुसंधीचा विचारही इथं कामाला येतो. संपणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात असे चौदा दिवस वाग्भटांनी सांगितले आहेत. त्या काळात जुनी सवय एकदम तोडू नये आणि नवीही एकदम लादून घेऊ नये. नेमालाही हेच लागू आहे. पहिल्याच दिवशी अकरा माळांचा हट्ट धरणाऱ्याचा नेम बहुधा आठवड्यात सुटतो.

गैरसमज : संकल्प म्हणजे मनातली इच्छा विश्वाला सांगायची, मग ती आपोआप पूर्ण होते.

हा सगळ्यात नवा आणि माझ्या मते सगळ्यात घातक. घरच्या पूजेत संकल्प कसा होतो ते आठवून पाहा. उजव्या हातात अक्षता आणि पळीभर पाणी घेतात. मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार असा काळ सांगायचा. गोदावरीच्या दक्षिण तीराचा हा प्रदेश, असं स्थळ सांगायचं. मग आपलं नाव, गोत्र, आणि शेवटी ‘करिष्ये’, म्हणजे मी हे करीन. पाणी ताम्हणात सुटतं. आपण कुठे उभे आहोत आणि कोणत्या ऋतूत आहोत हे आधी मोठ्यानं उच्चारायचं, आणि मग स्वतःच्या हातून व्हायचं काम पत्करायचं, अशी ही रचना आहे.

मानसशास्त्रात पीटर गोलविट्झर यांनी याच्या जवळचं काही तपासलं. ‘व्यायाम करीन’ असं मोघम म्हणण्यापेक्षा ‘चहा झाला की अंगणात दहा मिनिटं चालेन’ असं वेळ-जागेसह ठरवणारे लोक ठरवलेलं जास्त पार पाडतात. २००६मध्ये ९४ अभ्यास एकत्र मांडून त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी हे दाखवलं. तेव्हा बागायतदारानं ‘बाग वाचू दे’ अशी प्रार्थना जरूर करावी. संकल्प मात्र असा करावा : दिवेलागणीला एक माळ, आणि रात्री जेवणानंतर हवामानाचा अंदाज पाहायचा नाही. दावण्या रोखायला फवारणीच लागेल. झोप मोडू नये म्हणून नेम आहे.

गैरसमज : जितका जप जास्त आणि वेगात, तितका गुण जास्त.

इटलीतले ल्युचानो बेर्नार्दी यांनी २००१मध्ये २३ निरोगी माणसांवर प्रयोग केला. जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र, दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन संथ झाला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. गुण संथ लयीचा होता. पण माणसं २३च होती, तीही निरोगी. यावरून मंत्रानं रक्तदाब बरा होतो असं कुणी सांगत असेल, तर ते खोटं आहे.

गैरसमज : नाम घेणाऱ्याला औषधाची गरज नाही.

पुराच्या चिखलात वावरल्यावर ताप आला तर तो लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मनाचंही तसंच. हिवाळ्यात अंधारामुळे येणारं नैराश्य १९८४मध्ये अमेरिकेत वर्णिलं गेलं, ते उत्तरेकडचे अगदी लहान दिवस पाहून. साताऱ्यात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक सुमारे दोन तासांचा. त्यामुळे इथली उदासी निव्वळ ‘ऋतूचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नका. तिच्यामागे कर्ज, पूर, गेलेलं पीक असू शकतं. दोन आठवडे झोप, भूक, कामातली गोडी गेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर माळ हातात असू द्या आणि १४४१६ हा नंबर फिरवा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे; फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि पलीकडून मराठीत बोलतात.