रिपोर्ट नॉर्मल, मग फिट का येते?

कॅन्टीनमध्ये बोलता बोलता ती थांबली. नजर एकटक, उजवा हात ताठ, चहाचा कप खाली. मिनिटभरात भानावर आली, तोवर कुणीतरी कांदा आणायला पळालंही होतं. (कांदा, चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, बरं का!)

माझ्या या मैत्रिणीचा एमआरआय आधी तीनदा झाला होता. तिन्ही रिपोर्ट नॉर्मल. 'टेन्शन घेतेस तू,' हे नातेवाइकांचं निदान.

चौथ्या वेळी सापडलं. फोकल कॉर्टिकल डिसप्लेशिया. हा ट्यूमर नव्हे. गर्भात मेंदू घडताना पेशी थराथरानं रचल्या जातात. एखाद्या जागी ती रचनाच विस्कटते. लंडनच्या डेव्हिड टेलर आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांवरून याचं वर्णन केलं. तेव्हा एमआरआय नव्हताच. आज स्कॅनवर खुणा दिसतात, पण किती बारीक! करडा भाग जरासा जाड, करड्या-पांढऱ्यातली सीमा धूसर. त्यातही डाग घडीच्या तळाशी लपलेला असला, तर जाड कापांच्या साध्या स्कॅनमध्ये तो सहज निसटतो.

म्हणून कुठे बघायचं, हे आधी कळावं लागतं. डोक्याला वायरी चिकटवून ती चार दिवस व्हिडिओ-ईईजीच्या कॅमेऱ्यासमोर होती. "बिग बॉसच समज, फक्त भांडायला कुणी नाही," ती म्हणाली. फिट डाव्या कपाळामागून सुरू होते, असं दिसलं. मग 3 टेस्लाच्या मशीनवर पातळ कापांचा स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी नेमकी तीच जागा धुंडाळली.

2025 मध्ये लंडनच्या संशोधकांनी 'मेल्ड ग्राफ' या एआयची चाचणी प्रसिद्ध केली: रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून सुटलेल्या डागांपैकी 64 टक्के त्यानं पकडले. भारी आहे, पण डॉक्टरांना पर्याय नाही. आणि मला विचाराल तर पहिली अडचण मशीनची नाहीच. नीट निवडलेली दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसतील, तर एपिलेप्सी सेंटर गाठायचं असतं. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सहा वर्षं गोळ्याच बदलत राहिल्या.

ऑपरेशननं फिट थांबू शकतात. पण बोलण्याचं केंद्रही बहुतेकांचं डावीकडेच. ते डागापासून किती लांब, हे पुढच्या आठवड्यातल्या फंक्शनल एमआरआयमध्ये बघतील. तिनं रजेचा अर्ज टाकलाय. कारणाच्या रकान्यात दरवेळी 'ताप' असायचा. या वेळी 'एपिलेप्सी' लिहिलंय.