पिवळ्या दिव्याचा हिशेब

आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांचा मूळ व्यापार धान्य, गूळ, कापड किंवा लोखंडाचा असला, तरी त्याला जोडून दोन-चार मालट्रक घरचेच असतात. काहींचा तर वाहतूक हाच मुख्य व्यवसाय. या मंडळींकडून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. नवी गाडी घाटात अचानक दम टाकते, चालकासमोर पिवळा दिवा लागतो आणि महागडे सुटे भाग बदलूनही तो विझत नाही. तक्रार खरी आहे. मात्र तिचे मूळ पुष्कळदा गाडीत नसून दुरुस्तीच्या पद्धतीत असते.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले आणि ट्रकच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी व नायट्रोजनची ऑक्साइडे निष्प्रभ करणारी यंत्रणा बसली. या यंत्रणेत डीईएफ, म्हणजे चालकांच्या भाषेतला ‘युरिया’, फवारला जातो. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असते. सर्व भागांवर संवेदक लक्ष ठेवतात व काही बिघडले की संगणक त्याची नोंद सांकेतिक अंकांत करतो.

हे अंक म्हणजे खतावणीतील नोंदच समजावी. जड वाहनांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या जे-१९३९ या मानकात दोन अंक मिळतात. पहिला कोठे बिघाड आहे ते सांगतो, दुसरा कशा प्रकारचा. उदाहरणार्थ, पहिला अंक १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. दुसरा अंक १ असेल, तर दाब धोकादायकरीत्या खाली गेला आहे. गाडी तत्काळ थांबवावी. तोच दुसरा अंक ३ किंवा ४ असेल, तर विद्युतदाब अनुक्रमे वाजवीपेक्षा जास्त किंवा कमी आहे, म्हणून आधी संवेदक व त्याची वायरिंग तपासावी. पहिला अंक एकच, पण एका नोंदीत इंजिनच पणाला लागलेले असते, तर दुसरीत कदाचित एखादी सैल पिन निघते. केवळ ‘ऑइल प्रेशरचा कोड आला’ एवढ्यावर विसंबणे म्हणजे नावे की जमा हे न पाहता रक्कम वाचणे होय.

सर्वाधिक पैसा ४३६४ या अंकापायी वाया जातो. धूरशुद्धी अपेक्षेपेक्षा कमी होत आहे, एवढेच तो सांगतो; दोषी कोण, हे सांगत नाही. तरीही अनेक गॅरेजांत लगोलग नॉक्स संवेदक बदलला जातो. वास्तविक प्रथम डीईएफचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावा, मग फवारणीच्या तोटीवर पांढरे खडे साचले आहेत का ते, नंतर सायलेन्सरच्या जोडांतील गळती. या तपासण्यांना फारसा खर्च नाही. संवेदकाची पाळी त्यानंतर.

भेसळीचे किंवा शेतीच्या युरियात नळाचे पाणी मिसळून केलेले डीईएफ घेण्याचा मोह काहींना होतो. त्यातील क्षार व अशुद्धी उत्प्रेरक कायमचा निकामी करू शकतात. काही जण तर यंत्रणाच बंद करून संगणकाला खोटे संकेत देणारे उपकरण बसवतात. ते बेकायदेशीर आहेच. शिवाय अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार आणि विरुद्धराज्यातिक्रम यांची गणना आहे, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

काजळीच्या गाळणीची गोष्ट निराळी. साचलेली काजळी जाळण्यासाठी धूर सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. शहरातल्या शहरात, थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीला ते तापमान टिकवता येत नाही. आणि जळण्याची प्रक्रिया चालू असताना चालकाने घाईने इंजिन बंद केले, तर काम अर्धवट राहते. असे वारंवार घडले की गाळणी तुंबते. येथे दोष मिस्त्रीचा नसतो. चालकाला त्या दिव्याचा अर्थ समजावणे आणि गाडी उभी ठेवून अर्धा-पाऊण तास तसे करण्यास मोकळीक देणे, हे मालकाचे काम. इंजिन ऑइल कमी राख सोडणारे, उत्पादकाने सांगितलेल्याच प्रतीचे असावे; कारण काजळी जळते, राख जळत नाही.

बँकेत वाहनकर्जांच्या फायली पाहताना एक गोष्ट सतत जाणवे. मालक दुरुस्तीचे बिल रुपया-पैशांत सांगत, पण उभ्या गाडीचा खर्च कोणी मांडत नसे. महिना ६०,००० रुपयांचा हप्ता धरला, तरी रोजचे २,००० रुपये गाडी हलली नाही तरी लागतात. चालकाचा पगार, विमा आणि बुडालेले भाडे वेगळेच. अंदाजाने भाग बदलण्यात चार दिवस गेले, तर नुसत्या हप्त्याचे ८,००० रुपये झाले. पाच-सहा गाड्या असणाऱ्याने स्वतःचा स्कॅनर घेणे म्हणूनच मला उधळपट्टी वाटत नाही.

गॅरेजवाल्यास एवढे मात्र आवर्जून सांगावे, की कोड पुसण्यापूर्वी स्कॅनरच्या पडद्याचे छायाचित्र काढून पाठवा. बिघाडाच्या क्षणीचा वेग, तापमान, भार ही माहिती बहुधा कोडसोबत साठवलेली असते. कोड पुसला की तीही जाते. प्रत्येक गाडीची स्वतंत्र वही ठेवून तारीख, किलोमीटर, दोन्ही अंक, काय तपासले आणि काय बदलले, हे लिहावे. तोच अंक तीन महिन्यांत पुन्हा उमटला, तर जुने बिल व बदललेला भाग समोर ठेवून गॅरेजवाल्याशी बोलता येते.